ड्राफ्टच्या रात्री या चुका टाळा : फॉर्टीनायनर्सच्या चाहत्यांसाठी

एप्रिल संपत आला की एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट (महाविद्यालयीन खेळाडूंची निवड) येतो आणि सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्सच्या चाहत्यांमध्ये गेल्या वर्षीचेच वाद त्याच आवेशाने आणि त्याच चुकांसह पुन्हा सुरू होतात. संघाचे मैदान सांता क्लारामध्ये, म्हणजे सनीव्हेल आणि फ्रीमॉंटच्या मराठी घरांपासून फार दूर नसल्यामुळे, आपल्याकडच्या जेवणाच्या पंगतीतही हे वाद रंगतात. मतभेदांबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ज्या चुका मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, त्यांतल्या बहुतेक केवळ उतावळेपणातून होतात आणि थोडा धीर धरला तर सहज टाळता येतात.

ड्राफ्टला लिलाव समजणे

भारतातून आलेल्या नव्या चाहत्याची पहिली गल्लत येथे होते. आयपीएलच्या लिलावात थैलीत पैसे असतील तर हवा तो खेळाडू बोली लावून मिळवता येतो. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. ३२ संघ, सात फेऱ्या, सर्वांत दुबळ्या संघाला पहिला मान, आणि २०११ पासून प्रत्येक क्रमांकाच्या नवोदिताचे मानधन जवळजवळ ठरलेले, असा तो व्यवहार आहे. येथे खरे चलन म्हणजे निवडीचा क्रमांक, आणि खरा लाभ म्हणजे चार वर्षे स्वस्तात मिळणारा खेळाडू. पहिल्या फेरीतील खेळाडूला पाचव्या वर्षासाठी राखून ठेवण्याचा हक्कही संघाला मिळतो. पगाराच्या कमाल मर्यादेत (सॅलरी कॅपमध्ये) बसणारा संघ या स्वस्त करारांवरच उभा राहतो. त्यामुळे ‘एवढा मोठा खेळाडू समोर होता, घेऊन का टाकला नाही?’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी त्याच्यासाठी कोणत्या निवडी द्याव्या लागल्या असत्या, याचा हिशेब मांडावा. तो न मांडणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

काल रिकामी झालेली जागा म्हणजेच गरज, असे मानणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती शहाणपणाच्या वेषात येते. चाहता संघाची यादी समोर ठेवतो, जेथे नाव गळले असेल तेथे लाल खूण करतो आणि पहिल्या फेरीत तीच खूण पुसली गेली पाहिजे असा हट्ट धरतो.

२०२० चे उदाहरण घ्या. त्या वर्षी सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना हरल्यानंतर संघाने डिफॉरेस्ट बकनर हा आपला उत्तम डिफेन्सिव्ह टॅकल (बचावाच्या आघाडीतला खेळाडू) इंडियानापोलिसला दिला आणि त्याच्या बदल्यात १३ वी निवड मिळवली. करोनामुळे तो ड्राफ्ट घरबसल्या झाला. आयुक्त रॉजर गुडेल स्वतःच्या तळघरातून नावे पुकारत होते आणि आम्हीही आपापल्या घरांतून व्हिडिओ कॉलवर जमलो होतो. आमच्यातल्या एका उत्साही मित्राने त्या रात्री एकच धोशा लावला होता : बकनर गेला, म्हणजे डिफेन्सिव्ह टॅकलच हवा. मी त्याला जो स्टेलीकडे पाहायला सांगत होतो. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या डाव्या टॅकलच्या जागी बरीच वर्षे खेळलेला स्टेली ३५ वर्षांचा झाला होता, दुखापतींमुळे २०१९ च्या हंगामाचा मोठा भाग मैदानाबाहेर होता, आणि आयोवाचा ट्रिस्टन वर्फ्स हा ऑफेन्सिव्ह टॅकल तेव्हा अजून उपलब्ध होता. ‘स्टेली अजून आहे ना?’ असे म्हणून मित्राने तो विषय मिटवला. संघाचा विचारही तसाच निघाला. एक जागा खाली सरकून संघाने टँपा बेला १३ वी निवड दिली, टँपाने वर्फ्सला घेतले आणि फॉर्टीनायनर्सनी १४ व्या क्रमांकावर जॅव्हन किनलॉ हा डिफेन्सिव्ह टॅकल निवडला. मित्राने कॅमेऱ्यासमोर चक्क टाळ्या वाजवल्या.

ड्राफ्ट संपायच्या आतच स्टेलीने निवृत्ती जाहीर केली. संघाने वॉशिंग्टनकडून ट्रेंट विल्यम्सला मिळवून ती वेळ उत्तम निभावली, हे मान्यच केले पाहिजे. असे नशीब दरवर्षी हात देत नाही. वर्फ्स पहिल्याच हंगामात सुपर बोल जिंकला आणि पुढे लीगमधील सर्वोत्तम टॅकलांमध्ये गणला जाऊ लागला. किनलॉचे गुडघे त्याला साथ देईनात. २०२१ मध्ये तो चारच सामने खेळू शकला आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडे गेला. दुखापत कोणाच्या हातात नसते, म्हणून निकालावरून मी त्या निवडीला नावे ठेवत नाही. माझा आक्षेप विचाराच्या दिशेला आहे. जी जागा आपणच नुकतीच रिकामी केली होती ती भरायची घाई झाली, आणि जी उद्या रिकामी होणार हे डोळ्यांना दिसत होते तिच्याकडे पाठ फिरली.

याच्या उलट २०२४ मध्ये घडले. ३१ व्या क्रमांकावर फ्लोरिडाचा रिसीव्हर (पास झेलणारा) रिकी पिअर्सल घेतला, तेव्हा डीबो सॅम्युअल आणि ब्रँडन आयुक हे दोन्ही रिसीव्हर संघात होते, आणि ‘तिसऱ्याची चैन कशाला?’ म्हणून आमच्याकडे बरीच आदळआपट झाली. ऑक्टोबरमध्ये आयुकचा गुडघा गेला आणि मार्च २०२५ मध्ये सॅम्युअलला पाचव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात वॉशिंग्टनला देण्यात आले. एक वर्ष पुरे व्हायच्या आत चैनीची गरज झाली. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत रेनार्डो ग्रीन हा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) आला, आणि पुढच्याच वसंतात त्याच जागेवरचा शार्व्हेरियस वॉर्ड इंडियानापोलिसला निघून गेला.

माझी सवय साधी आहे. संघातील प्रत्येक मुख्य खेळाडूचे वय आणि करार संपण्याचे वर्ष मी एका कागदावर लिहून ठेवतो, आणि ड्राफ्टच्या रात्री चालू वर्षाचा रकाना हाताने झाकून पुढच्या दोन वर्षांचे रकाने पाहतो. यात काही शास्त्र नाही, पण आरडाओरडा बराच कमी होतो.

एका क्वार्टरबॅकसाठी घर गहाण टाकणे, आणि नंतर फुकटात मिळेल अशी आशा धरणे

या दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध दिसतात. करणारी माणसे मात्र बहुधा तीच असतात.

मार्च २०२१ मध्ये संघाने १२ व्या क्रमांकावरून तिसऱ्यावर जाण्यासाठी मायामीला आपली १२ वी निवड, २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि वर तिसऱ्या फेरीची एक निवड दिली. तिसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक ट्रे लान्स आला. तो २० वर्षांचा होता, नॉर्थ डकोटा स्टेटसारख्या खालच्या विभागातील महाविद्यालयाकडून अवघे १७ सामने सुरुवातीपासून खेळलेला होता, आणि त्याच्या आदल्या हंगामात करोनामुळे त्याला एकच सामना मिळाला होता. २०१९ मध्ये त्याने गुण मिळवून देणारे २८ टचडाउन पास फेकले आणि एकदाही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला नाही, हा आकडा तेव्हा आमच्याकडे प्रत्येकाच्या तोंडी होता. तो कोणासमोर खेळून आला, हे फारसे कोणी विचारत नव्हते. लान्सच्या नावाची जर्सी ड्राफ्ट झाल्याझाल्या मागवणारे आमच्या गटातच होते, आणि ‘तीन वर्षे थांबून पाहू’ म्हणणाऱ्याला ते निराशावादी ठरवत होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये सिॲटलविरुद्ध लान्सचा घोटा मोडला. फॉर्टीनायनर्ससाठी तो एकूण चार सामने सुरुवातीपासून खेळला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या मोबदल्यात डॅलसला गेला. मूळची १२ वी निवड हातोहात फिरत त्याच डॅलसकडे पोहोचली होती आणि तिच्यावर त्यांनी पुढे नामवंत बचावपटू ठरलेल्या मायका पार्सन्सला घेतले होते. फॉर्टीनायनर्सनी १२ व्या क्रमांकावर पार्सन्सलाच घेतले असते असे कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे तो हिशेब मी मांडत नाही. खरे नुकसान पुढच्या दोन वर्षांचे झाले. २०२२ मध्ये संघाची पहिली निवड ६१ वी होती आणि २०२३ मध्ये तर ८७ वी, कारण ख्रिश्चन मकॅफ्री या रनिंग बॅकसाठी (चेंडू घेऊन धावणाऱ्यासाठी) त्या वर्षीची दुसऱ्या फेरीची निवडही कॅरोलायनाला गेली होती. मकॅफ्रीचा सौदा सोन्याचा ठरला, हे कोणीही नाकारणार नाही. पण पहिल्या फेरीचे दोन स्वस्त खेळाडू संघात आलेच नाहीत, आणि त्यांच्या अभावी अनुभवी खेळाडूंना द्यावा लागलेला पगार पुढे सॅलरी कॅपवर बसला.

आता दुसरी बाजू. २०२२ च्या ड्राफ्टची अगदी शेवटची, २६२ वी निवड म्हणजे आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी. त्याने डिसेंबरमध्ये जखमी जिमी गरोपोलोची जागा घेतली, संघाला एनएफसीच्या (लीगच्या दोनपैकी एका विभागाच्या) अंतिम सामन्यापर्यंत नेले, पुढच्या हंगामात सुपर बोलपर्यंत नेले आणि मे २०२५ मध्ये पाच वर्षांसाठी २६.५ कोटी डॉलरचा करार मिळवला. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक सातव्या फेरीला कोणीतरी ‘हा पुढचा पर्डी’ असे घोषित करतो. पर्डी महाविद्यालयात चार हंगाम खेळलेला होता, मुख्य प्रशिक्षक शानाहानची पद्धत त्याला झटकन उमगली, आणि त्याच्याभोवती मकॅफ्री, सॅम्युअल, आयुक, किटल आणि विल्यम्स होते, हे सारे ते विसरतात. संघाचा महान क्वार्टरबॅक जो मोंटानाही १९७९ मध्ये तिसऱ्या फेरीत, ८२ व्या क्रमांकावर मिळाला होता. तरी त्यानंतर कोणी प्रत्येक ८२ व्या निवडीकडून मोंटानाची अपेक्षा ठेवली नाही. पर्डीच्या कहाणीचा आनंद जरूर घ्यावा, तिच्यावरून धोरण आखू नये.

थोडक्यात सांगण्यासारख्या आणखी काही चुका

निवड जाहीर होताच गुण देणे : पहिल्या रात्री ‘ए’ आणि ‘डी’ वाटणाऱ्यांना तीन हंगामांनी तोच कागद दाखवावा. मी तो जपून ठेवतो आणि दाखवतो.

मॉक ड्राफ्टच्या संगणकीय खेळात तीन किरकोळ निवडी देऊन पहिल्या पाचांत पोहोचणे, आणि मग खऱ्या व्यवस्थापकाला ते का जमले नाही म्हणून चिडणे : येथे उपाय एकच, तो खेळ बंद करावा.

४० यार्ड धावण्याच्या वेळेवर भाळणे : २०२२ मध्ये तिसऱ्या फेरीत घेतलेला डॅनी ग्रे वाऱ्यासारखा धावत असे, पण पहिल्या हंगामात त्याच्या हाती एकच पास आला. उलट पुढे महान रिसीव्हर ठरलेला जेरी राइस पुरेसा वेगवान नाही अशी कुरकुर १९८५ मध्येही होतीच.

तिसऱ्या फेरीत रनिंग बॅक मागणे : ही मागणी चाहतेच करतात असे नाही, संघही करतो. २०२१ मध्ये ट्रे सर्मन आणि २०२२ मध्ये टायरियन डेव्हिस-प्राइस तिसऱ्या फेरीत आले. दोघेही टिकले नाहीत. सहाव्या फेरीतला एलायजा मिचेल मात्र पहिल्याच हंगामात ९६३ यार्ड धावला, आणि रहीम मोस्टर्ट व जॉर्डन मेसन यांना तर ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नव्हते. शानाहानच्या पद्धतीत धावणारा सापडतो; त्याच्यासाठी वाट मोकळी करणारे सापडत नाहीत.

किकरवर मोठी निवड खर्च करणे : २०२३ मध्ये जेक मूडीसाठी ९९ वी निवड गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये, हंगामाच्या पहिल्याच सामन्यानंतर, त्याला सोडण्यात आले. या बाबतीत मी हटवादी आहे. किकर शेवटच्या फेरीत घ्यावा किंवा ड्राफ्टनंतर शोधावा.

खाली सरकण्याला भित्रेपणा म्हणणे : १९८६ मध्ये तेव्हाचे प्रशिक्षक बिल वॉल्श पुन्हापुन्हा खाली सरकत गेले आणि त्या एका ड्राफ्टमधून जॉन टेलर, टॉम रॅथमन, चार्ल्स हेली, स्टीव्ह वॉलेस, टिम मकायर असे खेळाडू मिळाले. वर उडी मारणारा व्यवस्थापक धाडसी आणि थांबणारा पुळचट, ही समजूत ज्याला सोडता येत नाही त्याने ड्राफ्ट पाहू नये, सामने पाहावेत.

ऑफेन्सिव्ह लाइन (आक्रमणाची पुढची फळी) ‘नंतर पाहू’ म्हणणे

महाव्यवस्थापक जॉन लिंच आणि काइल शानाहान २०१७ पासून एकत्र आहेत. २०२५ पर्यंतच्या त्यांच्या नऊ ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत घेतलेला ऑफेन्सिव्ह लाइनचा खेळाडू एकच, २०१८ चा माइक मॅग्लिंची, आणि तोही २०२३ मध्ये डेन्व्हरला गेला. उजव्या टॅकलची जागा पाचव्या फेरीतल्या कोल्टन मकिव्हिट्झने सांभाळली, आणि २०२४ मध्ये तिसऱ्या फेरीत आलेला कॅन्ससचा डॉमिनिक पुनी नवोदित असूनही सर्व १७ सामने सुरुवातीपासून खेळला. त्यामुळे ‘मधल्या फेऱ्यांत मिळतात की’ असा युक्तिवाद होतो. तो निम्माच खरा आहे. गार्ड (टॅकलच्या शेजारी उभा राहणारा) मधल्या फेऱ्यांत मिळतो. डावा टॅकल क्वचित मिळतो.

फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये, अतिरिक्त वेळेत, कॅन्सस सिटीच्या गोल रेषेजवळ तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात) त्यांचा बचावपटू ख्रिस जोन्स कोणीही न अडवता थेट आत घुसला आणि पर्डीला घाईने चेंडू फेकावा लागला. टचडाउनऐवजी फील्ड गोलच्या तीन गुणांवर समाधान मानावे लागले आणि सामना २५-२२ असा हातचा गेला. त्या वसंतात रिसीव्हर की लाइन या वादात मी लाइनच्या बाजूने होतो, आणि पिअर्सल उपयोगी पडला तरी माझे मत बदललेले नाही.

जुलै १९८८ मध्ये जन्मलेल्या ट्रेंट विल्यम्सची जागा घेणारा खेळाडू तो खेळत असतानाच संघात यायला हवा, कारण डावा टॅकल तयार व्हायला वेळ लागतो आणि पर्डीच्या मोठ्या करारानंतर बाहेरून तयार टॅकल विकत घेणे परवडणारे राहिलेले नाही. २०२५ मध्ये मायकेल विल्यम्स, आल्फ्रेड कॉलिन्स आणि सी. जे. वेस्ट यांना घेऊन संघाने बचावाच्या आघाडीकडे पुरेसे लक्ष दिले. निक बोसा आणि मायकेल विल्यम्स दोघांचेही गुडघे त्याच हंगामात गेले म्हणून पुन्हा पहिली निवड एज रशरवर (क्वार्टरबॅकवर कडेने चाल करणाऱ्यावर) खर्च करा, असे म्हणणाऱ्यांनी वर सांगितलेली किनलॉची कथा परत वाचावी. माझ्या कागदावर टॅकल पहिला, रिसीव्हर दुसरा आणि एज रशर तिसरा आहे. पहिल्या फेरीत आवडीचा टॅकल हाती लागला नाही, तर मी खाली सरकेन, दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी करीन आणि त्यांतली एक टॅकलवरच खर्च करीन.