लक्झरी क्रूझ बुक करताय? आधी या चुका टाळा

क्रूझवरून वैतागून परतलेल्या माणसाला जरा बोलतं केलं, की बहुतेक वेळा कळतं की समुद्रात काहीच बिघडलेलं नव्हतं. बिघडलं होतं ते चार-सहा महिने आधी, बुकिंग करताना. जहाज आपल्या स्वभावाचं नव्हतं, केबिन नको त्या जागी होती, व्हिसा अपुरा होता आणि एजंटच्या "सगळं इन्क्लुडेड आहे" या वाक्याची फोड कुणीच करून घेतली नव्हती. म्हणून या लेखातल्या बऱ्याचशा गोष्टी घरबसल्या करायच्या आहेत, जहाजावर पाय ठेवायच्या आधी.

सर्वांत मोठं जहाज म्हणजे सर्वांत आलिशान, हा समज

जाहिरातीत दिसतं ते प्रचंड जहाज, त्यावरच्या घसरगुंड्या आणि वॉटर पार्क. 2024 मध्ये सुरू झालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' सुमारे 2,48,600 ग्रॉस टनांचं आहे आणि एका केबिनमध्ये दोघं धरले तरी त्यावर 5,610 प्रवासी मावतात. सिल्व्हरसी या लक्झरी कंपनीचं 'सिल्व्हर नोव्हा' आहे 54,700 ग्रॉस टनांचं, पण प्रवासी फक्त 728. ग्रॉस टनेज हे वजन नसून जहाजाच्या आतल्या जागेचं माप असतं. भागाकार करा: पहिल्यावर माणशी साधारण 44 ग्रॉस टन येतात, दुसऱ्यावर 75. लक्झरी शोधायची ती या आकड्यात. नाश्त्याला रांग नाही, लिफ्टसाठी ताटकळणं नाही, पूलजवळची खुर्ची धरून ठेवायला पहाटे टॉवेल टाकून येणं नाही.

आता याची दुसरी बाजू, जी विकणारा सहसा सांगत नाही. लहान जहाजावर रात्री साडेदहानंतर बरीच शांतता असते. पियानो, एखादं व्याख्यान, निवांत जेवण, आणि मग झोप. ज्यांना हेच हवं असतं त्यांना स्वर्ग. पण आजी-आजोबा, आपण दोघं आणि बारा-चौदा वर्षांची मुलं अशी फौज घेऊन गेलात तर मुलं तिसऱ्या दिवशी तोंड पाडून बसतात. व्हायकिंग कंपनीच्या जहाजांवर तर अठरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. तीन पिढ्या एकत्र निघत असतील तर माझं मत स्पष्ट आहे: एमएससी कंपनीचा 'यॉट क्लब' किंवा नॉर्वेजियन कंपनीचा 'द हेवन' पाहा. मोठ्या जहाजातच वेगळा, कार्डाशिवाय न उघडणारा भाग, स्वतःचं रेस्टॉरंट, स्वतःचा डेक. मुलं खाली धिंगाणा घालतात, मोठ्यांना वर शांतता मिळते.

आणखी एक. लहान जहाज लाटांवर जास्त हलतं. झुलणं कमी करणारे स्टॅबिलायझर असले तरी फरक जाणवतो. मात्र तेच लहान जहाज स्पेनमधल्या ग्वादाल्किव्हिर नदीतून थेट सेव्हिल शहरापर्यंत किंवा थेम्समधून लंडनच्या टॉवर ब्रिजपर्यंत जाऊ शकतं. महाकाय जहाजाला ते जमत नाही.

मुंबई-गोवा दोन रात्रींची सफर करून "क्रूझ कशी असते ते बघू" असं बरेच जण ठरवतात. कल्पना चांगली आहे, पण त्यातून जहाजावर आपल्याला झोप लागते का, मळमळतं का, एवढंच कळतं. कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे 1990 मध्ये बांधलेलं जहाज आहे, गर्दी आणि बाज कौटुंबिक सहलीचा आहे. त्यावरून सातशे प्रवाशांच्या, सगळ्या केबिन सुईट असलेल्या जहाजाचा अंदाज बांधणं दोघांवरही अन्याय आहे.

भाड्याचा आकडा बघून तुलना करणं

नेहमीच्या क्रूझवर टिप रोज आपोआप खात्यात लागते, माणशी साधारण 16 ते 20 डॉलर. दोघांच्या दहा रात्री धरल्या तर 320 ते 400 डॉलर तिथेच गेले. पेयांचं पॅकेज वेगळं, त्यावर 18-20 टक्के सर्व्हिस चार्ज, आणि बऱ्याच कंपन्यांत केबिनमधल्या एका प्रौढाने पॅकेज घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. वायफाय, खास रेस्टॉरंट, बंदरावरच्या सहली यांचे पैसे पुन्हा निराळे. रीजंट सेव्हन सीजच्या भाड्यात किनाऱ्यावरच्या सहलीसुद्धा धरलेल्या असतात, म्हणून त्यांचा आकडा बघून डोळे पांढरे होतात. एका कागदावर दोन रकाने आखून पूर्ण बेरीज केली की अंतर बरंच कमी दिसतं.

पण जे दारूला शिवतही नाहीत आणि बंदरात आपापलं भटकायला ज्यांना आवडतं, त्यांनी सगळं धरलेलं भाडं का भरावं? इतरांच्या शॅम्पेनचा खर्च आपल्या माथी. अशा जोडप्याने ओशिॲनियासारख्या, खास रेस्टॉरंटचे वेगळे पैसे न घेणाऱ्या कंपन्या आधी पाहाव्यात. एकट्याने जाणाऱ्याने सिंगल सप्लिमेंट, म्हणजे केबिन एकट्याने वापरण्याचं जादा भाडं, विचारून घ्यावं. ते कधी कधी थेट दुसऱ्या माणसाच्या पूर्ण भाड्याइतकं असतं. भारतातून पॅकेज घेतलं तर वर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, लागतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण पैसे भरताना हाताशी असावे लागतात.

केबिन निवडताना फक्त बाल्कनी पाहणं

डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडा आणि आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर पूल डेक असेल तर सकाळी सहाला खुर्च्या फरफटण्याच्या आवाजाने जाग येते. खाली थिएटर किंवा नाइट क्लब असेल तर झोप लागायचीच पंचाईत. अगदी पुढच्या टोकाला केबिन असेल तर नांगर टाकतानाचा खडखडाट कानाशी येतो. पोट नाजूक असेल तर मधला भाग आणि खालचा डेक घ्यावा. वरच्या टोकाचा महागडा सुईट सगळ्यांत जास्त झुलतो. पैसे जास्त मोजून मळमळ विकत घेणारे लोक पाहिले की हसावं की रडावं कळत नाही.

'गॅरंटी' केबिन स्वस्त पडते, कारण नंबर कंपनी ठरवते. वर लिहिलेलं सगळं तुम्हाला महत्त्वाचं वाटत असेल तर ती घेऊ नका.

एकच एंट्री असलेला व्हिसा

ही चूक सगळ्यांत महाग. अथेन्सहून निघणारी क्रूझ तुर्कीतल्या कुसादासीला जाऊन परत ग्रीक बेटांवर येते. एड्रियाटिक समुद्रातली क्रूझ मॉन्टेनेग्रोच्या कोटोरला थांबते. दोन्ही ठिकाणी तुम्ही शेंगेनच्या, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर पडता आणि पुन्हा आत येता, म्हणजे व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. क्रोएशिया 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका. तुर्की, मॉन्टेनेग्रोचे स्वतःचे नियम वेगळे तपासावे लागतात.

अलास्काच्या क्रूझची गंमत आणखी निराळी. अमेरिकेच्या 1886 च्या कायद्यामुळे परदेशी नोंदणीचं जहाज दोन अमेरिकन बंदरांमध्येच प्रवासी ने-आण करू शकत नाही. म्हणून सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी जहाजं बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबा घेतात, तोही पुष्कळदा संध्याकाळचे काही तास. त्या काही तासांसाठी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या आई-बाबांना चेक-इनवरून परत पाठवलं जाऊ शकतं, आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. सिंगापूरहून निघून मलेशिया-थायलंड करून परत येणाऱ्या क्रूझलाही हाच हिशेब: सिंगापूरमध्ये तुम्ही दोनदा प्रवेश करता.

एजंटला "व्हिसा कोणता लागेल" असं मोघम विचारू नका. बंदरांची यादी क्रमाने समोर ठेवून प्रत्येकावर बोट ठेवून विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या. गर्भवती असाल तर आणखी एक अट असते: प्रवास संपेपर्यंत 24 वा आठवडा लागत असेल तर बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत.

'रोम' लिहिलंय म्हणजे जहाज रोमला लागतं, असं धरून चालणं

रोमचं बंदर चिवितावेक्किया, शहरापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नोला उतरायचं. पॅरिससाठी ल हाव्र, तिथून पॅरिस सुमारे 200 किलोमीटर. बँकॉकसाठी लाम चबांग, साधारण दोन तास. सकाळी आठला जहाज लागून संध्याकाळी सहाला निघणार असेल तर पॅरिसमध्ये हाती काय उरतं ते तुम्हीच मोजा. 2021 पासून 25,000 ग्रॉस टनांवरची जहाजं व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून जाऊ शकत नाहीत. 'व्हेनिस' म्हणून विकलेल्या काही सफरी प्रत्यक्षात दीडशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाहून सुटतात. हॉटेल बुक करण्याआधी बंदराचं नेमकं नाव तिकिटावर वाचा.

सँटोरिनीला जहाज खोल पाण्यात थांबतं आणि लहान बोटीने किनाऱ्यावर नेतात. तिथून वर 'फिरा' नावाच्या गावात जायला केबल कार, नाही तर सुमारे सहाशे पायऱ्या. एकाच दिवशी चार जहाजं आलेली असतील तर केबल कारची रांग तास-दीड तासाची होते. गुडघेदुखी असलेल्यांनी सकाळची पहिली बोट पकडावी आणि परतीला भरपूर वेळ हाताशी ठेवावा.

परतीच्या वेळेबद्दल थोडं सविस्तर. जहाजाचं घड्याळ आणि त्या गावाचं घड्याळ यांत तासाचा फरक असू शकतो, आणि तुमचा फोन गुपचूप गावाची वेळ दाखवू लागतो. चढण्याची शेवटची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते. कंपनीची सहल घेतली असेल तर बस उशिरा आली तरी जहाज थांबतं. स्वतः टॅक्सी करून गेलात तर थांबत नाही. लांबच्या ठिकाणी म्हणूनच मी कंपनीची सहल पसंत करतो, मग ती कितीही महाग आणि मेंढरांच्या कळपासारखी वाटो. गाव बंदराला लागूनच असेल तर मात्र पायी भटकण्यासारखं सुख नाही.

जहाज चुकलंच तर? रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर बंदर एजंटचा, म्हणजे त्या बंदरातल्या कंपनीच्या प्रतिनिधीचा, नंबर छापलेला असतो, उतरताना त्याचा फोटो काढून ठेवा आणि त्यालाच फोन करा. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. पासपोर्टची प्रत आणि एक क्रेडिट कार्ड खिशात असेल तर हा प्रसंग निभावतो.

जेवणाबद्दल जहाजावर चढल्यावर सांगणं

मोठ्या जहाजांवर भारतीय शाकाहारी बहुधा सहज मिळतं, कारण भारतीय प्रवासी आणि भारतीय स्वयंपाकी दोन्ही पुष्कळ. गंमत अशी की महागड्या लहान जहाजांवर हीच गोष्ट आधी कळवावी लागते. तिथे सामान मोजून भरलेलं असतं आणि मधल्या बंदरात तूरडाळ मिळत नाही. दोन-तीन महिने आधी ईमेल करा आणि 'व्हेजिटेरियन' एवढंच लिहू नका. अंडं चालतं का, मासा नको, चिकन स्टॉकमध्ये केलेलं सूप नको, कांदा-लसूण चालतो का, असं सुटं सुटं लिहा. चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरशी बोला. उद्या रात्री काय हवं ते आज सांगितलं तर ते मनापासून करून देतात.

घरून चिवडा-चकली न्यायची असेल तर कारखान्यात सीलबंद झालेलं पाकीट न्या. घरचे डबे अनेक कंपन्या चढू देत नाहीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये उतरताना जवळचं सगळं खाद्य जाहीर करा, तिथला दंड जबर असतो. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, उदबत्ती आणि निरांजन बॅगेतून काढूनच ठेवा. जहाजावर आगीची धास्ती सगळ्यांत मोठी, त्यामुळे हे सामान जप्त होतं आणि उतरतानाच परत मिळतं.

बाकी किरकोळ. फोन चढताक्षणी एअरप्लेन मोडवर टाका, जहाजाच्या उपग्रह नेटवर्कचं बिल भयंकर येतं. घाटात एसटीत बसण्याआधी घेतो तीच ॲव्होमिन जहाजावरही चालते, पण मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. आधी घ्यावी, झोप येते हे लक्षात ठेवावं, आणि वयस्करांनी डॉक्टरांना विचारूनच. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला सॅनिटायझर पुरेसा पडत नाही, हात साबणाने धुवावेत. फॉर्मल नाइटसाठी सूट शिवायची गरज नाही, बंदगळा आणि पैठणी चालते, किंबहुना सगळ्यांच्या नजरा तिकडेच वळतात. प्रवास विम्यात क्रूझ आणि समुद्रातून हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरलाय का ते वाचा. विमान निदान एक दिवस आधी पोहोचणारं घ्या.

संकोच

आपल्याकडच्या प्रवाशांचा हा खास दोष. सुईटबरोबर बटलर मिळालेला असतो आणि आपण बॅगा स्वतः उघडतो, शर्टाला इस्त्री कुठे करायची ते शोधत फिरतो. बॅगा लावणं, कपडे इस्त्री करून आणणं, बूट पुसणं, केबिनमध्ये जेवण क्रमाक्रमाने वाढणं, रेस्टॉरंटचं टेबल मिळवणं हे त्याचं कामच आहे आणि त्याचे पैसे तुम्ही भरलेले आहेत. तक्रारीचंही तेच. एसी गुरगुरतो, शेजारच्या केबिनला जोडणाऱ्या मधल्या दारातून गप्पा ऐकू येतात, गादी टणक आहे, हे पहिल्याच रात्री रिसेप्शनला सांगितलं तर केबिन रिकामी असल्यास बदलून मिळते किंवा काही क्रेडिट तरी मिळतं. सगळे दिवस सोसून शेवटच्या फॉर्ममध्ये लिहिलं तर फक्त दिलगिरीचा ईमेल येतो.

जहाजावरच्या खात्याचं बिल शेवटच्या रात्रीच टीव्हीवर किंवा ॲपवर तपासा, कारण सकाळी रिसेप्शनला रांग लागते. कार्डाने भरताना रुपयांत घेऊ का असं विचारलं तर नाही म्हणा, डॉलरमध्येच भरा; रुपयांचा दर ते लावतात आणि तो चढाच असतो. मोठ्या बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत राहिलेत ना ते दोनदा बघा. आणि परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.