संत्र्याची पेटी घरी येण्याआधी

नोव्हेंबर-डिसेंबरात नागपुरात आंबिया बहाराची संत्री उतरतात. त्याच सुमारास टमाटर स्वस्त होतात, मटार येतो, तुरीच्या शेंगा येतात, हातगाड्यांवर आवळा दिसू लागतो. सगळंच एकदम स्वस्त झालं की हात सैल सुटतो आणि पेटी घरी येते. मग बाटल्यांची शोधाशोध सुरू होते, बाटल्या मिळाल्या तर झाकणं बसत नाहीत, साखर कमी पडते, आणि तोवर पेटीतली खालची संत्री मऊ पडून त्यांना बुरशी धरते. स्वस्तात आणलेला माल असा फेकावा लागला की तो महागच पडला. म्हणून हिवाळ्याच्या साठवणीची यादी मी उलटीकडून करते. बाजार सगळ्यात शेवटी.

सुरुवात खपापासून करा. घरात मार्मालेड, म्हणजे सालीसकट केलेला संत्र्याचा जॅम, कोण खातं, आठवड्याला किती लागतं, भाजीला टमाटरचा रस रोज लागतो की रविवारच्या पाटवडी-रश्श्यालाच, हे घरच्यांना विचारून कागदावर लिहा. हिशेब वर्षाचा धरू नका, मार्चअखेरपर्यंतचाच धरा. बाटलीबंद पदार्थ सतत ३५ अंशांच्या वर राहिला की रंग काळवंडतो, चव उतरते आणि बिघडण्याची भीती वाढते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा ओट्याखालचं कपाटही तापलेलंच असतं. थंड देशांतल्या कृतींमध्ये 'वर्षभर टिकतं' असं लिहिलेलं असतं, ते त्यांच्या गार तळघरांच्या भरवशावर. आपल्या हाती डिसेंबर ते मार्च, म्हणजे सोळा-सतरा आठवडे आहेत. आठवड्याला पाव किलो मार्मालेड खपत असेल तर चार किलो पुरे. एक किलो गराला एक किलो साखर घातली की आटून साधारण दीड ते पावणेदोन किलो माल हाती येतो. संत्री किती आणायची ते यावरून आपोआप ठरतं.

आता बाटल्या. काचेच्या, रुंद तोंडाच्या, चारशे ते पाचशे ग्रॅमच्या घ्या. मोठी बाटली एकदा उघडली की संपेपर्यंत बिघडते. प्रत्येक बाटली उजेडात धरून काठ बघा. टवका उडालेला दिसला तर ती डाळ-साबुदाण्याला लावा. जॅमच्या, लोणच्याच्या जुन्या बाटल्या चालतात, पण जुनी झाकणं चालत नाहीत. पत्र्याच्या पिळाच्या झाकणाला आतून कडेकडेनं एक मऊ थर असतो. गरम बाटली निवताना तो काचेला घट्ट बसतो आणि आतली पोकळी बंद राहते. वापरलेल्या झाकणाच्या त्या थरावर आधीच्या काठाची खाच उमटलेली दिसेल. ती दुसऱ्यांदा बरोबर जागेवर बसेलच असं नाही. लोणच्याच्या झाकणात तर वासही मुरलेला असतो. इतवारीत झाकणं घ्यायला जाल तेव्हा घरची एक बाटली पिशवीत न्या आणि तिच्यावर बसवून, फिरवून बघूनच घ्या. मोजून लागतील त्यापेक्षा चार-पाच जास्त असू द्या.

बाटल्या उकळायला खोल गंज, म्हणजे उभट पातेलं, लागतो. त्यात बाटल्या उभ्या ठेवल्यावर झाकणांवर दोन-तीन सेंटीमीटर पाणी राहिलं पाहिजे आणि तरीही उकळी बाहेर सांडायला नको. बाटली तळाला थेट टेकली की तडकते, म्हणून खाली जाळी किंवा चौघडी केलेला सुती पंचा घाला. हा गंज घरात नसेल तर विकत आणण्याआधी शेजारी विचारा, कारण वर्षातून दोनदा लागणाऱ्या भांड्यासाठी पैसे घालण्यात अर्थ नाही. बाटल्या उचलायला चांगला पकडीचा चिमटा, रुंद तोंडाचा नरसाळा, लांब दांड्याचा लाकडी सराटा (उलथणं) आणि ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा एवढं झालं की भांड्यांचं काम संपलं. गॅसचा अंदाजही आजच घ्या. १४.२ किलोचं सिलिंडर उचलून हलकं लागलं तर दुसरं घरात आल्याशिवाय हात घालू नका. घरावर सोलर असेल तर गंज त्याच्याच गरम पाण्यानं भरा, गॅस बराच वाचतो.

यानंतरच्या गोष्टीवर मी अडून बसते, आणि तुम्हीही बसा. काय बाटलीत भरायचं आणि काय अजिबात भरायचं नाही, हे आंबटपणावर ठरतं. पीएच ४.६ पेक्षा कमी, म्हणजे पुरेसं आंबट असेल, तर उकळत्या पाण्याची प्रक्रिया पुरते. संत्रं, लिंबू, आवळा त्यात सहज बसतात. टमाटर काठावर असतो; कधी आत, कधी बाहेर. म्हणून अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बाटलीत पाव चहाचा चमचा सायट्रिक अ‍ॅसिड घालायचंच, टमाटर कितीही आंबट लागला तरी. मटार, तुरीचे सोले, पोपटाचे (वालाचे) दाणे, मका, भाज्या यांच्यात हा आंबटपणा नसतो. बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू बीजरूपात १०० अंशांच्या उकळीतही जगतात आणि हवा नसलेल्या बाटलीत वाढून विष तयार करतात. त्या विषाचा वास येईलच असं नाही. घरचा कुकर या कामासाठी बनवलेला आणि तपासलेला नसतो, तेव्हा 'दोन शिट्ट्या जास्त देऊ' हा उपाय नाही.

यातच नागपूरची एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच आहे आणि पाणी इथे ९९ अंशांच्या आसपासच उकळतं. बाटलीबंद करण्याच्या प्रमाणित तक्त्यांत पहिली पायरी १,००० फुटांपर्यंत, म्हणजे ३०५ मीटरपर्यंत असते. आपण त्या रेषेच्या जराशा वर आहोत. म्हणून वेळ पुढच्या पायरीची घ्यायची: निर्जंतुक केलेल्या बाटल्यांतल्या मार्मालेडला ५ ऐवजी १० मिनिटं, कुस्करलेल्या टमाटरच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीला ३५ ऐवजी ४० मिनिटं. पाणी खळाखळा उकळायला लागल्यावरच घड्याळ लावा.

किराण्यात साखर, मैदा, सायट्रिक अ‍ॅसिड, खायचा सोडा. साखर-मैदा मस्कासाथला ठोकात घेतले तर फरक पडतो, पण दोन शेजारणींनी मिळून घ्या. जुना झालेला मैदा वासाला लागतो. घरातला सोडा चिमूटभर वाटीत घेऊन वर लिंबू पिळा. जोरात फसफसला तर ठीक, नाही तर नवी पुडी आणा.

एवढं झालं की बाजार. टमाटर कॉटन मार्केटला सकाळी लवकर. संध्याकाळी विक्रेता हाक मारेल, "ताई, अख्खा ढीग घेऊन जा, स्वस्तात लावतो." तो ढीग मोहाचा असतो, पण अति पिकलेल्या, फुटलेल्या, डाग पडलेल्या टमाटरचा आंबटपणा कमी झालेला असतो. तो घ्या तर त्याच रात्री चटणी करून संपवा. बाटलीसाठी लालबुंद पण दाबल्यावर टणक असलेलेच निवडा. संत्र्यांत आंबिया बहार मार्मालेडला चांगला, कारण तो किंचित आंबट असतो. फेब्रुवारी-मार्चचा मृग बहार जास्त गोड. तो ताजाच खावा, त्याला साखरेत घालणं मला पटत नाही. पेटी घेताना वरचा थर उचलून खालचा बघू द्या, असं भाऊंना सरळ सांगा.

मार्मालेडला दोन दिवस लागतात, ते धरूनच ठरवा. आदल्या संध्याकाळी संत्री धुऊन सोला. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ असते, तिच्या आतला पांढरा भाग फार नसतो, त्यामुळे पाक घट्ट धरणारं पेक्टिनही बेताचंच निघतं. ती उणीव लिंबाच्या बिया भरून काढतात. किलोभर गराला तीन लिंबं घ्या, रस वेगळा ठेवा आणि बिया व फोडींची सालं मलमलीच्या पुरचुंडीत बांधून गराबरोबर उकळा. संत्र्याच्या बिया मात्र एकूण एक काढा. कडवटपणा त्यांत जास्त असतो आणि तापवल्यावर तो वाढतो. साल बारीक चिरून दोन-तीनदा पाणी बदलून उकळायची, आणि बोटात चिरडली जाईपर्यंत मऊ झाल्याशिवाय साखर घालायची नाही, कारण साखर पडली की साल पुढे मऊ होत नाही, उलट चिवट बनते.

सकाळी गर, मऊ साल, लिंबाचा रस आणि गराच्या वजनाइतकी साखर एकत्र करून मोठ्या आचेवर चढवा. आधी मोठे, फेसाळ बुडबुडे येतात, पाक सराट्यावरून पाण्यासारखा धावतो. पुढे बुडबुडे लहान, जड आणि चकचकीत होतात, आवाज बदलतो. फ्रीजमध्ये ठेवलेल्या गार बशीत थेंब टाका, मिनिटभर थांबा आणि बोटानं ढकला. पृष्ठभागाला सुरकुती पडली की गॅस बंद. तापमापी असेल तर पाण्याच्या उकळीपेक्षा साडेचार अंश जास्त, म्हणजे इथे १०३-१०४ च्या मध्ये. पुरचुंडी दाबून पिळून काढा, त्यात पेक्टिन बरंच असतं.

डिसेंबरच्या पहाटे आपल्या स्वयंपाकघरात काच बर्फासारखी गार पडलेली असते. तिच्यात उकळता पाक ओतला की तळ वाजतोच. म्हणून बाटल्या दहा मिनिटं उकळून त्याच गरम पाण्यात ठेवा आणि एकेक काढून लगेच भरा. वर अर्धा सेंटीमीटर जागा सोडा, काठ गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ कपड्यानं पुसा, झाकण हातानं लावा आणि गंजात सोडा. टमाटरचं तसंच: उकळत्या पाण्यातून काढून साल सोला, कुस्करून पाच मिनिटं उकळा, सायट्रिक अ‍ॅसिड आधी बाटलीत, मग टमाटर, वर सव्वा सेंटीमीटर जागा. कांदा, लसूण, तेल, सांबार (कोथिंबीर) यातलं काहीही आत्ता घालू नका. त्यानं आंबटपणाचं गणित बिघडतं. फोडणी बाटली उघडल्यावर. आणि झाकणांचा भरवसा वाटत नसेल तर टमाटरचा रस डब्यांत भरून सरळ फ्रीझरमध्ये टाका. त्यात कमीपणा काही नाही.

ओव्हनचा दिवस वेगळा ठेवा आणि एकदा तापवला की त्याच्यातून तीन कामं काढा. आधी १८० अंशांवर संत्र्याचा केक: दीड वाटी मैदा, पाऊण ते एक वाटी साखर, एक चमचा सोडा, चिमूट मीठ, वाटीचा एक तृतीयांश तेल, एक वाटी गाळलेला रस आणि किसलेली वरची केशरी साल. अंडं, दूध, लोणी काहीच नको, कारण रसाचा आंबटपणा सोड्याला फुलवतो. कालवल्याबरोबर भांडं आत गेलं पाहिजे, म्हणून ओव्हन आधी दहा मिनिटं तापलेला हवा. ३५-४० मिनिटांनी सुरी कोरडी निघते. मग आच १६० वर आणून नानकटाई: दोन वाट्या मैद्याला एक वाटी तूप आणि एक वाटी पिठीसाखर. थंडीत तूप रवाळ असतं ते बरंच, पांढरं हलकं होईपर्यंत फेसा. शेवटी ओव्हन बंद करून उरलेल्या उष्णतेत संत्र्याच्या सालीच्या पट्ट्या ठेवा; नाताळच्या केकला आणि चहाला उपयोगी पडतात. नाताळसाठी बेदाणे आणि काळ्या मनुका संत्र्याच्या रसात घालून फ्रीजमध्ये मुरत ठेवायच्या असतील तर त्याही आजच यादीत घ्या. ओव्हन नसेल तर जाड बुडाचा कुकर, खाली मिठाचा थर, झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढून, मंद आचेवर. रोडगे मात्र ओव्हनमध्ये करायला जाऊ नका. गोवऱ्यांच्या निखाऱ्याशिवाय त्याला ती चव येत नाही.

मटार आणि सोल्यांसाठी फ्रीझरमध्ये आधी जागा करा. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कापडावर पूर्ण कोरडे करून ताटात पसरून गोठवा आणि नंतर पिशवीत भरा, म्हणजे गोळा होत नाही. सोले वाळवूनही छान राहतात. आवळ्याचा मोरावळा कुठल्याही घरात येतोच, त्यावर वेगळं सांगायला नको.

भरलेल्या बाटल्या २४ तास हलवायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी झाकणाचा मधला भाग आत खेचलेला हवा आणि दाबल्यावर टक् वाजता कामा नये. वाजला तर ती बाटली फ्रीजमध्ये ठेवून आधी संपवा. बाकीच्यांवर पदार्थ आणि तारीख लिहून त्या सगळ्यात खालच्या, उजेड न येणाऱ्या फळीवर ठेवा. उघडल्यावर टमाटर फ्रीजमध्ये ठेवून पाच-सहा दिवसांत आणि मार्मालेड महिन्याभरात संपवायचं. झाकण फुगलेलं दिसलं, उघडताना आतून फसकन फेस आला किंवा वास वेगळा लागला, तर चव घेऊन बघायची नाही. अख्खी बाटली पिशवीत बांधून टाकून द्यायची.