लहान मुलांना घरातून विजा दाखवताय? या चुका टाळा

आभाळात गुडगुड सुरू झाली की आमच्या घरात दोन पार्ट्या पडतात. मोठा सहा वर्षांचा, तो खिडकीकडे पळतो, आणि धाकटी तीन वर्षांची, ती थेट माझ्या कडेवर. मग घरातलं कोणीतरी ओरडतंच, खिडकीपासून लांब व्हा, वीज पडेल! मलाही बरेच दिवस वाटायचं की पोरांना विजा दाखवणं म्हणजे जरा जास्तच हौस होतेय का आपली.

तर सरळ उत्तर आधी देते. घर पक्कं असेल, दारं-खिडक्या बंद असतील आणि काचेपासून दोन हात मागे बसणार असाल तर बिनधास्त दाखवा. पक्कं म्हणजे चारी बाजूंनी भिंती, वर छप्पर, आत वायरिंग आणि नळाचे पाइप असलेलं. आता गंमत बघा, घरावर वीज पडलीच तर ती याच वायरी, पाइप आणि काँक्रीटमधल्या सळया यांच्यातून जमिनीकडे जाते, म्हणजे घर विजेला जायला रस्ता देतं म्हणून आपण वाचतो, फक्त त्या रस्त्यात आपण बसायचं नाही. खालच्या बऱ्याचशा चुका त्या रस्त्यात जाऊन बसण्याच्याच आहेत.

पहिली आणि सगळ्यात कॉमन, गॅलरी. आपल्याला वाटतं गॅलरी म्हणजे घरच की, डोक्यावर स्लॅब आहे, भिजत पण नाही. पण विजेच्या हिशोबाने ती बाहेरच धरायची, पोर्च, गच्चीवरची पत्र्याची शेड, उघडं पार्किंग सगळं तसंच. त्यात मुलं ओला लोखंडी कठडा धरून उभी राहणार. आणि "अजून एक थेंब पण पडला नाही, बघू दे दोन मिनिटं" हे तर अजिबात नको, कारण जिथे पाऊस चालू आहे तिथून १०-१५ किलोमीटर लांबही वीज पडू शकते. गडगडाट ऐकू आला की तुम्ही तिच्या टप्प्यात आहात, विषय संपला.

मग खिडकी. काच काही वीज ओढून घेत नाही, तिची भीती वेगळीच आहे. वादळी वाऱ्यात काहीतरी उडून येऊन आपटतं, गारा पडतात, काच फुटते आणि नेमकं पोराचं नाक काचेला चिकटलेलं असतं. वारा छान येतोय म्हणून खिडकी उघडी ठेवणं, पोरांनी हात बाहेर काढून ग्रिल धरणं, हे दोन्ही बंद. पण खरं सांगू का, विजेपेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती खिडकीखाली सरकवलेल्या सोफ्याची. बघायला उंच पाहिजे म्हणून पोरं त्यावर चढतात, मोठा कडकडाट झाला की दचकून उडी मारतात, आणि ग्रिल नसलेली खिडकी असेल तर विचार पण नको. सोफा मागे ओढा आणि तिथूनच बघा, वीज आख्ख्या आभाळभर असते, मागून पण दिसते.

आता माझी स्वतःची चूक. मुलाला व्हिडिओ काढायचा होता, बॅटरी संपत आलेली, म्हणून मी फोन चार्जरला लावूनच त्याच्या हातात दिला. काही झालं नाही, पण नंतर वाचल्यावर हात गार पडले. मोबाइलमुळे वीज ओढली जाते हे खोटं आहे, नुसता फोन खुशाल वापरा, पण चार्जिंगला लावला की तो घराच्या वायरिंगचा एक तुकडा झाला ना! वायरवाला लँडलाइन, चार्जिंगला लावलेला लॅपटॉप, वायरवाला गेमचा रिमोट, सगळ्यांना हाच नियम. प्लग काढायचे ते गडगडाट सुरू व्हायच्या आधी, विजा डोक्यावर आल्यावर बोर्डाकडे धावायचं नाही, मग टीव्ही गेला तर गेला. आणि स्पाइक गार्ड (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा प्लगचा बोर्ड) आहे म्हणून निवांत राहू नका, थेट पडलेल्या विजेपुढे त्याचं काही चालत नाही.

पाण्याचं पण तेच. बाहेरून चिखलाने भरून आलेल्या पोरांना आधी आंघोळीला पिटाळायचं ही आपली सवय, पण विजा चालू असताना शॉवर, टब, हात धुणं, भांडी घासणं सगळं थांबवायचं. पाइप प्लास्टिकचे आहेत असं कोणी म्हणेल, तर धोका कमी होत असेल पण आत पाणी आहेच आणि नळ धातूचा आहे. तेवढा वेळ ओल्या फडक्याने पुसून काढा, चिखलाने काही होत नाही.

काँक्रीटच्या भिंतीला टेकून बसू नका आणि उघड्या काँक्रीटच्या फरशीवर आडवं होऊ नका असंही सांगतात, आत लोखंडी सळया असतात म्हणून. सोफा भिंतीपासून थोडा सुटा ठेवा की झालं. रबरी चप्पल घातली की वीज लागत नाही हे मात्र विसरा, जी वीज कित्येक किलोमीटर हवा फोडून खाली येते तिला बोटभर रबर काय अडवणार.

मुलांना घेऊन आकडे मोजायचा खेळ बरेच जण खेळतात, छानच आहे, फक्त हिशोब चुकतो. वीज दिसली, पाच मोजले, आवाज आला, म्हणजे पाच किलोमीटर? नाही हो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला तीन सेकंद लागतात, तर पाच मोजले म्हणजे वीज दीड-पावणेदोन किलोमीटरवरच. ३० मोजून आवाज आला तर १० किलोमीटर. मोजणं हे मजेसाठी ठेवा, "२० आले, अजून लांब आहे, जा बाहेर" यासाठी नाही.

घाबरणाऱ्या मुलाला जबरदस्ती खिडकीपाशी नेऊन "एवढं काय त्यात" म्हणू नका, मी करून बघितलंय, पुढच्या वेळी धाकटी ढग बघूनच रडायला लागली. उपयोग झाला तो याच मोजण्याचा. वीज दिसली की आवाज येणार हे आधी कळतं, कान झाकायला वेळ मिळतो, मग ती स्वतःच ओरडते "आता येणार!" मोठ्याला कारण पाहिजे असतं, त्याला सांगितलं की वीज जाते तिथली हवा क्षणात ३०,००० अंशांच्या आसपास तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, आणि ती हवा झटक्यात फुगते त्याचा तो आवाज. पण "आपल्याला कधीच काही होणार नाही" असं खोटं नका सांगू, "आपण आत आहोत, इथे बसलो की बरं" एवढं पुरतं.

मध्येच लाइट गेली तर मेणबत्तीपेक्षा टॉर्च बरा, अंधारात पोरं धावतातच. काच तडकली किंवा गारा जोरात लागल्या तर सरळ आतल्या, खिडकी नसलेल्या खोलीत. घरावरच वीज पडली आणि जळका वास आला तर बाहेर पडून अग्निशमन दलाला फोन, भिंतीच्या आत आग धुमसत असू शकते. आणि कोणाला वीज लागलीच तर त्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, हात लावायला घाबरू नका, लगेच मदत बोलवा, श्वास बंद असेल तर सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन करतात तो प्रथमोपचार) चालू करा.

शेवटची चूक पाऊस थांबल्यावर होते. ऊन पडलं, पोरं चपला घालून दारात. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं आत थांबायचं, मध्ये परत ऐकू आला तर घड्याळ पुन्हा शून्यापासून. तो टायमर मी मोठ्याच्याच हातात देते, म्हणजे माझ्याशी भांडण होत नाही. एकदा २६ मिनिटं झाली आणि लांबून हळूच गुडगुड आलं, ते त्यानेच ऐकलं, आणि रडत रडत स्वतःच परत शून्यावर लावलं.