रिलीज रखडलं? निदान या चुका टाळा

स्वयंसेवकांच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात रिलीजला, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर पडायला, उशीर होणारच. नोकरी, परीक्षा, घरचं आजारपण सांभाळून उरलेल्या वेळात कोड लिहिला जातो. वापरणारे कुरकुरतात, तेही चालायचंच. वैताग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा: प्रत्येक नवा प्रकल्प त्याच चुका नव्यानं करतो.

चूक पहिली : रिलीजची तारीख जाहीर करणं

डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचं उदाहरण अजून कुणी वाचत नाही याचं नवल वाटतं. ३.० म्हणजे 'वुडी' १९ जुलै २००२ ला आलं आणि ३.१ म्हणजे 'सार्ज' ६ जून २००५ ला. मधल्या काळात जुना इन्स्टॉलर टाकून नवा लिहायला घेतला होता, आणि तो ११ आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारांवर) चालायला हवा होता. डिसेंबर २००३ चं लक्ष्य हुकलं. मग सप्टेंबर २००४ चं ठरलं, तेही हुकलं, कारण इन्स्टॉलर मार्गी लागला तरी सुरक्षा अपडेट बांधणारी यंत्रणा तयार नव्हती. इकडे वुडीचा मूळ कर्नल (हार्डवेअरशी बोलणारा गाभा) जुना, २.२ चा, त्यामुळे नवीन हार्डवेअर घेतलेले लोक अडकलेले. ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनवरच उभं राहिलेलं उबुंटू दर सहा महिन्यांनी रिलीजचा वायदा करत आलं, तेव्हा बरेच जण तिकडे वळले.

इन्स्टॉलरला लागलेला वेळ टळणारा नव्हता. पण ज्या कामाला अजून माणूसच मिळालेला नाही, त्याच्या भरवशावर तारीख सांगितली की ती हुकते. दुसऱ्यांदा हुकली की तुमच्या तिसऱ्या तारखेवर कुणी विश्वास ठेवत नाही, ती खरी असली तरी.

उपाय : फ्रीझची, म्हणजे नवे बदल घेणं थांबवण्याची, तारीख सांगा, रिलीजची नको. डेबियन आता तेच करतं. 'बुकवर्म'च्या वेळी १२ जानेवारी २०२३ पासून लायब्ररींचे (अनेक प्रोग्राम वापरतात त्या सामायिक कोडचे) मोठे बदल बंद झाले, १२ फेब्रुवारीपासून नवी पॅकेजेस बंद, १२ मार्चपासून कडक फ्रीझ. रिलीजचा दिवस, १० जून, त्यानंतरच ठरला. फ्रीझ तुमच्या हातात असतं, शेवटचा बग कधी सापडेल ते नसतं.

दोन-तीन माणसांच्या प्रकल्पाला एवढ्या पायऱ्या नकोत. ठरल्या दिवशी रिलीज ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी शाखा, काढा, दोन आठवडे तिथे फक्त दुरुस्त्या घ्या, मग आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे तपासायला दिलेली जवळजवळ अंतिम आवृत्ती). आरसीनंतर कोडची एक ओळ जरी बदलली तरी पुन्हा आरसी आणि पुन्हा एक आठवडा. 'एवढ्याशा बदलानं काय होतंय' म्हणणाऱ्यांना हा आठवडा फार जड जातो. जाऊ द्या. रिलीज अडवायचा हक्क फक्त तीन प्रकारच्या बगना द्या: डेटा जातो, इन्स्टॉल किंवा अपग्रेड मोडतं, सुरक्षेला भोक पडतं. बाकी सगळं पुढच्या माइलस्टोनमध्ये, म्हणजे पुढच्या टप्प्यात.

चूक दुसरी : 'जाता जाता एवढं एक घ्या'

फ्रीझनंतर नवं फीचर घेऊ नका. अर्धवट काम मुख्य ब्रँचमध्ये मर्ज (सामील) तर मुळीच करू नका, कारण मग ते पुरं होईपर्यंत तयार झालेल्या दुरुस्त्याही अडकून पडतात. गिंप या चित्रसंपादनाच्या प्रोग्रामचं २.८ हे २०१२ मध्ये आलं, २.१० थेट २०१८ मध्ये. त्यानंतर त्यांनी २.१०.x च्या छोट्या रिलीजमध्येही नवी फीचर द्यायला सुरुवात केली, म्हणून ३.० यायला मार्च २०२५ उजाडलं तरी लोकांच्या हातात काहीतरी पडत राहिलं.

चूक तिसरी : ओरड्याला घाबरून किल्ल्या देणं

ही सगळ्यात महागात पडते. एक्सझेड हे कॉम्प्रेशनचं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं, आणि ते एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये काही खात्यांनी त्याच्यामागे लकडा लावला: पॅच (लोकांनी पाठवलेले कोडमधले बदल) पडून आहेत, काम पुढे सरकत नाही, दुसरा मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) नेमा. ती खाती बनावट असावीत असं आता मानलं जातं. त्याच सुमारास 'जिया टॅन' या नावाचा कुणीतरी शांतपणे, मन लावून पॅच पाठवत होता. त्याला हळूहळू सगळे अधिकार मिळाले. फेब्रुवारी-मार्च २०२४ मधल्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा निघाला. २९ मार्चला तो उघड झाला, तोही आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षित प्रवेश) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा पिच्छा पुरवावासा वाटला म्हणून.

त्यातली मेख लक्षात घ्या. घातक कोड चाचणीच्या फायलींत दडवला होता, पण तो बिल्डमध्ये (कोडपासून प्रोग्राम बनवताना) ओढणारी स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या नोंदीत, नव्हती, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटायला बनवलेल्या कोडच्या गठ्ठ्यात) होती. म्हणून टारबॉल कुणाच्याही लॅपटॉपवर बनवू नका. गिटमधल्या सही केलेल्या टॅगवरून (आवृत्तीला लावलेल्या खुणेवरून) सीआयला, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेला, तो बनवू द्या, आणि दुसऱ्या माणसानं तो उघडून गिटशी डिफ करून, म्हणजे फरक ताडून, पाहावा. मर्जचा अधिकार आणि रिलीजचा अधिकार वेगळे ठेवा. आणि 'याला मेंटेनर करा' असा आग्रह अशा खात्यांकडून येत असेल ज्यांनी स्वतः एक बगही नोंदवलेला नाही, तर त्या दिवशी निर्णयच घेऊ नका.

किरकोळ, पण रोजच्या

'कधी येणार?' ला 'फुकट मिळतंय ना?' असं उत्तर देऊ नका. अडवणाऱ्या बगच्या यादीचा दुवा द्या, पुरे.

'मग पॅच पाठवा' हे फक्त प्रोग्रामरला म्हणा. बाकीच्यांना आरसी तपासायला सांगा, आणि कोणत्या यंत्रावर काय मोडलं ते लिहायला सांगा.

शिवीगाळ असेल तर इश्यू (नोंदवलेली तक्रार) बंद. खरा बग शिव्यांत गुंडाळलेला असेल तर तो आपल्या शब्दांत वेगळा नोंदवा आणि मग जुना बंद करा.

महिनाभर काहीच हललं नसेल तर तेच एका ओळीत लिहा: काय अडलंय आणि कुणाची मदत हवी आहे.