२२,००० डॉलर माफ, तरीही

अमेरिकेतल्या एका छोट्या खासगी कॉलेजचं पत्र आलं: वर्षाला २२,००० डॉलरची शिष्यवृत्ती. मी हवेतच होते. बाबांनी कागद घेऊन आकडे मांडले. फी, राहणं-जेवण, आरोग्य विमा मिळून खर्च ६१,०००. म्हणजे पदरचे ३९,०००. दुसऱ्या कॉलेजने दिले होते फक्त १५,०००, पण तिथला सगळा खर्चच ४६,००० होता. भरायचे ३१,०००. तरी दोन दिवस मी रुसून बसले, कारण मोठी शिष्यवृत्ती मला मानपत्र वाटत होती. अशा कॉलेजांत छापील फी पूर्ण भरणारे मोजकेच असतात, बाकीच्यांना काही ना काही सूट असते, हे पुढे कळलं.

आपल्या पासपोर्टवर अमेरिकी सरकारची मदत मिळत नाही. जे मिळतं ते कॉलेजच्या तिजोरीतून, आणि गरजेवर आधारित मदतीसाठी बरीच कॉलेजं सीएसएस प्रोफाइल हा अर्ज भरून घेतात. तो भरताना आईबाबांच्या ठेवींपर्यंत सगळं उघड करावं लागतं, तयारी ठेवा. बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली की प्रवेश अवघड होतो; ॲम्हर्स्ट, बोडोइन अशी मोजकी कॉलेजं अपवाद. म्हणून काही जण मदतीचा रकाना रिकामा ठेवतात, ‘पुढच्या वर्षी मागू’ म्हणून. हे करू नका. प्रवेशाच्या वेळी न मागणाऱ्याला अनेक कॉलेजं पुढे दारातही उभं करत नाहीत.

पत्र हातात आलं की कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या ऑफिसला ईमेल करून तीन गोष्टी विचारा. रक्कम चारही वर्षं मिळेल का, ती टिकवायला जीपीए (गुणांची सरासरी) किती लागेल, आणि फी वाढली तर शिष्यवृत्तीही वाढेल का. माझी वाढणार नव्हती. फी मात्र दरवर्षी वाढली, आणि चौथ्या वर्षाचं बिल बघून बाबांनी फोनवर नुसतं ‘हं’ म्हटलं. दुसऱ्या कॉलेजचं पत्र दाखवून थोडं वाढवून मागायला लाजू नका. मला २,००० वाढवून मिळाले, तेही चार ओळींच्या ईमेलवर.

कॅम्पसवरच्या नोकरीवर फार भिस्त नको. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, त्यात वरखर्च निघतो, फी नाही.

आणि कर! शिष्यवृत्तीचा फी-पुस्तकांचा भाग करमुक्त, पण राहण्या-जेवणाच्या भागावर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरच्या विद्यार्थ्याचा सहसा १४ टक्के कर कापला जातो. माझ्या रूममेटला जवळजवळ पूर्ण खर्चाची मदत होती. पहिल्याच सत्राच्या बिलात ही ओळ बघून ती थेट ऑफिसात भांडायला गेली होती.