म्हातारपणाची आगोट

गणपतीत आरती संपली, सगळे उठले आणि मी पाटावरच. एक हात जमिनीवर टेकला, दुसरा आधार शोधत पेटत्या समईकडे गेला, तेवढ्यात पुतण्याने बगलेत हात घालून मला उभं केलं. "काका, गुडघे धरले काय?" गुडघे ठीक होते. मांड्यांत जोरच उरला नव्हता.

लाज वाटली ती वेगळ्या कारणाने. ३८ वर्षं मी कोकणातल्या गुहागर तालुक्यात ग्रामीण डाकसेवक होतो. खांद्याला पिशवी, वाडीवाडीच्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, चढायच्या, मनीऑर्डर द्यायची, दोन शब्द बोलायचे, उतरायचं. पासष्टाव्या वर्षी नियमाप्रमाणे घरी बसलो आणि खरोखरच बसलो. झोपाळा, चहा, पेपर, परत चहा. दोन वर्षांत पायांनी नोकरी विसरून टाकली. त्याला आता चार वर्षं झाली. या चार वर्षांत काय केलं ते सांगतो, उपयोग होईल तेवढं घ्या.

आपल्याकडे मे महिन्यात आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी, करतात. डाळ, तांदूळ, सरपण, सुकी मासळी भरायची, कौलं परतायची. सात जूनला ढग दिसल्यावर कौलावर चढणाऱ्याला शहाणा म्हणत नाहीत. मी म्हातारपणाचीही तशीच आगोट करायची ठरवलं, आणि दरवर्षी मेमध्येच करतो.

पहिलं काम कागदावरचं. "तब्येत चांगली ठेवायची" असं लिहू नका, त्याने काहीच होत नाही. ऐंशीव्या वर्षी आपल्याला स्वतःच्या अंगाने काय करता यायला हवं, ते लिहा. मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे चौदा गोष्टी लिहिल्या. मग ही म्हणाली, "एवढं करायला दुसरा जन्म लागेल." अकरा खोडल्या. उरल्या तीन: जमिनीवरून कुणाचा हात न धरता उठणं, पाखाडी उतरून समुद्रावर जाऊन परत वर येणं, आणि स्वतःच्या गोळ्या व पैशांचा हिशेब स्वतः ठेवणं. तुमच्या वेगळ्या असतील. कुणाला नातवाला उचलायचं असेल, कुणाला चुलीपुढे बसायचं असेल.

खोडलेल्या अकरांत देवळाचे हिशेब होते, आणि एक फणस होता. बांधावरचा. तो आमचा की चुलतभावाचा यावर अठरा वर्षं वाद. रात्री तीनला जाग यायची आणि मी मनात मोजणी अधिकाऱ्याशी भांडत असायचो. एका सकाळी जाऊन सांगितलं, "बाबा, फणस तुझा." तो इतका बावरला की त्याने चहाही विचारला नाही. पण त्या आठवड्यापासून मला सलग झोप लागते. काय राखायचं हे ठरवताना काय सोडायचं हेही त्याच पानावर लिहा, नाहीतर यादी नुसती वाढते.

आता पायांचं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढे बसा, पावलं जमिनीवर सपाट, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे. घड्याळ लावून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. हाताचा रेटा दिला तर ते धरायचं नाही. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला १२ आणि बाईला १० याच्या खाली आकडा आला, तर पडण्याचा धोका जास्त असं डॉक्टर मानतात. मी सुरुवातीला सात वेळा उठलो. वय काढलं, टपाल काढलं, सगळ्या सबबी काढल्या, पण आकडा सातच. मग एक दिवसाआड, सकाळी चहाआधी, आठ-आठच्या दोन फेऱ्या, मध्ये दम खाऊन. सहा महिन्यांनी बारा, आता तेरा. छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका.

दुसरं तोलाचं. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, एका रेषेत, १० सेकंद उभं राहायचं. मी दात घासताना करतो, एक हात मोरीच्या कठड्याजवळ ठेवून. पहिल्या दिवशी ब्रश तोंडात आणि मी कठड्यावर.

चालणं तर हवंच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं सांगते, आणि पासष्टच्या पुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम वेगळे. नुसतं चाललं की झालं असं मला वाटायचं. सपाट वाळूवर तासभर फिरणारे माझे दोन मित्र पाटावरून उठताना अजूनही "आई गं" म्हणतात.

पावसाळा हा आपल्याकडचा खरा वैरी. पाखाडीच्या जांभ्या दगडावर शेवाळ धरलं की ती साबणासारखी होते. मे संपायच्या आत ब्लीचिंग पावडर टाकून काथ्याच्या कुंच्याने घासून घ्या आणि श्रावणात पुन्हा एकदा. हे काम तरुण माणसाकडून करून घ्या, इथे बाणेदारपणा नको. तळ झिजलेल्या रबरी चपला फेकून द्या, बायको "अजून चालतील" म्हणाली तरी. रात्री अंगणात उतरायचं तर बॅटरी पायाजवळ मारायची. घसरायचं भय आहेच, पण आपल्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, फुरसं हा विषारी सापही आहे, आणि तो मातीत मिसळून बसतो.

न्हाणीत धरायला दांडा बसवा. टॉवेलच्या दांडीवर विसंबू नका, ती अंगाचा भार घेत नाही. आमची भिंत जुन्या जांभ्याची, नुसता स्क्रू धरेना. गवंड्याने खाच पाडून सिमेंटात बसवून दिला. मी त्याला लोंबकळून बघितलं, मगच पैसे दिले.

जेवणाचं मी फार सांगणार नाही, कारण प्रत्येक घरातली बाई त्यात माझ्याहून शहाणी. फक्त मीठ. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे ताटात सुकट, खारवलेला बांगडा, शिवाय लोणचं आणि पापड. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं म्हणतात, म्हणजे जेमतेम चमचाभर, त्यात आमटीभाजीतलंही आलं. माझा नियम सोपा: एका ताटात खारट एकच. सुकट असेल त्या दिवशी लोणच्याची बरणी फडताळात. आणि मांड्यांना खायला घालायचं तर प्रत्येक जेवणात काहीतरी डाळीकडधान्याचं, मासळीचं किंवा अंड्याचं हवं. कुळथाची पिठी यात फार कामाची. नुसती पेज पिऊन ताकद येत नाही, कितीही मऊ लागली तरी.

सुपारीचं मात्र सांगायलाच हवं. आमचं आगर आहे, तीसेक पोफळी. सुपारीने तोंडाचा कॅन्सर होतो, तंबाखू नसली तरी. हे कळल्यावर मी पानपेटी बंद केली. विकतो मात्र अजून, आणि ते मला टोचतं, ते लपवत नाही.

ब्लडप्रेशर मोजताना लोक घाई करतात. आरोग्य केंद्राची चढण चढून, धापा टाकत, पट्टा बांधून घेतात. आधी पाच मिनिटं गप्प बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, अर्धा तास चहा नाही. वरचा आकडा सारखा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे येत असेल तर डॉक्टर. तारीख घालून वहीत लिहा. मी एकदा बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद केली होती. तीन आठवड्यांनी बाजारात डोकं गरगरलं आणि भाजीवालीच्या टोपलीवर बसलो. टोपलीचे पैसे भरले. आता आगोटीतच, डॉक्टरांना विचारून, महिन्याभराच्या गोळ्या भरून ठेवतो, कारण दरड कोसळली की रस्ता कधी खुला होईल याचा नेम नसतो. डोळे आणि कानही त्याच फेरीत तपासून घ्यायचे. मोतीबिंदू असलेला माणूस शेवाळ बघणार कसा?

सत्तर पूर्ण झाली असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्न कितीही असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार त्यात येतात, आधार कार्ड लागतं. आजारी पडल्यावर रांगेत उभं राहण्यापेक्षा आधीच.

शेवटचं, माणसं. टपाल वाटताना दिवसाला चाळीस घरांशी बोलणं व्हायचं, निवृत्तीनंतर हिच्याशी आणि टीव्हीशी. मुलगा डोंबिवलीला, फोन रविवारी. म्हणून दर गुरुवारी मी एसटीने धोपाव्याला जातो, फेरीबोटीने दाभोळला उतरतो, तिथे एका जुन्या सहकाऱ्याबरोबर दोन डाव पत्त्यांचे. एसटीचं तिकीट मला अर्धं पडतं, पंचाहत्तरीनंतर फुकट. तो पत्त्यांत लबाडी करतो. मी काही बोलत नाही, बोटीची वेळ होईपर्यंत पिसत बसतो.

यंदाच्या आगोटीच्या यादीत बॅटरीचे सेल आहेत, कुंचा आहे, आणि काठीच्या टोकाचं रबर. काठी मी फक्त पावसात घेतो, एरवी ती पडवीत खुंटीला असते. रबर झिजलं की ती ओल्या जांभ्यावर सटकते, त्यामुळे दरवर्षी नवं. दुकानदार विचारतो, "कुणासाठी?" मी सांगतो, माझ्यासाठीच.