तिकिटावरचे तास फसवतात

लातूरच्या आमच्या मावशी लेकीकडे लंडनला निघाल्या. तिकिटावर मुंबईहून दुपारी २ ला निघून संध्याकाळी ७ ला पोचणार. "पाचच तास? आपल्याला मुंबई गाठायलाच अख्खी रात्र लागते की!"

तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. मावशींचा प्रवास उन्हाळ्यातला, म्हणून पाचात साडेचार मिळवा: साडेनऊ तास. मुंबई-लंडन अंतर सरळ रेषेत सुमारे ७,२०० किमी, तेव्हा हिशेब बसतो. येताना वरचा पश्चिमेचा वारा पाठीशी, त्यामुळे वेळ थोडा कमी. तेव्हा मात्र फरक वजा करायचा.

विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे ११ ला. त्याच सकाळी पोचणाऱ्या रेल्वेच्या भरवशावर राहू नका. आणखी एक रात्र आधीच निघा, म्हणजे आदल्या दिवशीच मुंबईत पोचाल. दशम्या-चटणी घ्या, पण चटणी मोठ्या बॅगेत.